घुमटी प्रवाळ : पोराइटिस ल्युटियाची ओळख

पोराइटिस ल्युटिया हा हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यात वाढणारा पाषाण प्रवाळ आहे. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा ही त्याच्या प्रदेशाची पश्चिम बाजू, तर फ्रेंच पॉलिनेशियाची बेटे ही पूर्व बाजू. उत्तरेला तो जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत पोहोचतो आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर विपुल आढळतो. अटलांटिकमध्ये तो नाही. कॅरिबियन समुद्रात याच प्रजातीच्या दुसऱ्या जाती राहतात. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही भारतातील चार मोठी प्रवाळक्षेत्रे. या चारही ठिकाणी तो आहे.

कोवळेपणी त्याची वसाहत खडकाला चिकटलेल्या पातळ पापुद्र्यासारखी असते, मग ती अर्धगोल होते आणि शतकभरात ओबडधोबड, फुगीर उंचवटे असलेला मोठा घुमट तयार होतो. रंग पिवळसर तपकिरी, फिकट हिरवा किंवा मळकट पांढरा. उथळ पाण्यात क्वचित जांभळट छटा. प्रवाळांच्या छायाचित्रांत बहुधा अ‍ॅक्रोपोरासारखे फांद्यांचे, निळ्या-गुलाबी टोकांचे प्रवाळ दिसतात आणि हा घुमट मागे कुठेतरी खडक म्हणून उभा असतो. पाण्यात उतरलेले पर्यटकही त्याला पुष्कळदा खडकच समजतात. हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. प्रवाळखडक उभा कसा राहतो आणि गेल्या काही शतकांत उष्ण समुद्रांचे काय झाले, हे दोन प्रश्न ज्याला समजून घ्यायचे असतील, त्याने सुरुवात या मळकट घुमटापासूनच करावी.

त्याला खडक समजणारा अर्धाअधिक बरोबरच असतो. घुमटाचा जवळजवळ सगळा भाग निर्जीव चुना आहे. जिवंत आहे ते फक्त पृष्ठभागावरचे काही मिलिमीटर जाडीचे मांसल आवरण. मनुष्यभर उंचीच्या वसाहतीतही सजीव भाग एवढाच असतो. बाकीचे सारे त्याने मागे टाकलेले घर आहे आणि हे मागे टाकलेले घरच पुढे शास्त्रज्ञांच्या सर्वांत उपयोगी पडले.

हे आवरण हजारो, लाखो पॉलिपांचे बनलेले असते. प्रत्येक पॉलिप चुन्याच्या एका चषकात बसतो. चषकाचा व्यास एक ते दीड मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. चषकाच्या कडेपासून मध्याकडे चुन्याचे बारा उभे पडदे आलेले असतात. हे पडदे, त्यांच्या आतल्या टोकाशी उभे असलेले सूक्ष्म खांब आणि दोन चषकांमधली भिंत यांच्या रचनेवरून जात ओळखली जाते. पॅरिसमधील आन्री मिल्न एडवर्ड्स आणि ज्यूल एम यांनी 1851 मध्ये जे वर्णन केले, त्यावरून या जातीचे आजचे नाव चालते. पोराइटिस लोबाटा या भावंडापासून ल्युटियाला वेगळे काढायचे तर एका बाजूच्या तीन पडद्यांकडे पाहावे लागते: ल्युटियामध्ये त्यांची टोके एकमेकांना जुळलेली असतात, लोबाटामध्ये मोकळी. हे भिंगाशिवाय दिसत नाही आणि भिंगाखालीही दरवेळी निर्णय होतोच असे नाही. एकाच घुमटाच्या वरच्या आणि बाजूच्या चषकांत फरक असू शकतो आणि जनुकीय तपासण्यांतून दिसून आले आहे, की बाहेरून एकसारख्या भासणाऱ्या वसाहती आतून वेगळ्या वंशाच्या असू शकतात. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक पाण्याखाली नोंद करताना जातीचे नाव न देता ‘घुमटी पोराइटिस’ एवढेच लिहितात. पुढील विवेचनातील वयोमान, वार्षिक पट्टे किंवा उष्णता सोसण्याची क्षमता यांविषयीची काही माहिती याच अर्थाने या जवळच्या जातींच्या गटाची आहे.

पॉलिप हा प्राणी आहे, पण त्याचे पोट मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांवर भरते. घुमटाचा तपकिरी रंग या शैवालांचाच. दिवसा ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. पॉलिप त्यांना आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या उत्सर्गातील नायट्रोजन पुरवतो. रात्री पॉलिप आपले इवलेसे शुंडक बाहेर काढून पाण्यातील प्लवक पकडतो. या प्रवाळाच्या शरीरात शैवालांखेरीज जिवाणूंचाही मोठा समूह नांदतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोराइटिस ल्युटियाचा जनुकसंच आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या पन्नासाहून अधिक सूक्ष्मजीवांचे जनुकसंच एकत्र मांडले गेले. पॉलिपला स्वतः बनवता न येणारी काही जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले या सोबत्यांकडून मिळत असावीत, असे त्यातून पुढे आले.

शैवालांनी पुरवलेल्या ऊर्जेवर पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो आणि आपल्या तळाशी अ‍ॅरागोनाइट या स्वरूपातला चुना साचवतो. सांगाडा वाढला की पॉलिप थोडा वर सरकतो आणि आपल्याखाली चुन्याचा एक अतिशय पातळ आडवा पडदा घालून जुनी जागा बंद करतो. हे साधारणपणे दर चांद्रमासाला एकदा घडते. अशा रीतीने घुमट वर्षाला साधारण एक ते दीड सेंटिमीटर वाढतो. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या त्याच काळात दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लांबतात. पण फांद्या वादळात मोडतात आणि घुमट जागचा हलत नाही. चक्रीवादळ येऊन गेल्यावर खडकाच्या लाटेकडील बाजूला जे उभे राहिलेले दिसते, त्यात हे घुमट असतात. त्यांच्या फटींत मोडलेल्या फांद्यांचा चुरा अडकतो, चुनखडी शैवाले तो सांधतात आणि खडकाचा भक्कम गाभा तयार होत जातो.

बहुतेक पाषाण प्रवाळ उभयलिंगी असतात. या जातीत मात्र नर वसाहत वेगळी आणि मादी वसाहत वेगळी. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री दोन्हींकडून शुक्रपेशी आणि अंडी पाण्यात सोडली जातात आणि फलन उघड्या समुद्रात होते. ऋतू कोणता, हे प्रदेशानुसार बदलते. आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक प्रवाळांच्या पिल्लांना आपली शैवाले समुद्रातून नव्याने मिळवावी लागतात. पोराइटिसची अंडी मात्र आईकडून शैवाले घेऊनच बाहेर पडतात, त्यामुळे या प्रवाळाची आणि त्याच्या शैवालाची जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ही शैवाले उष्णता तुलनेने चांगली सोसणाऱ्या वंशातील आहेत. तरंगणारी अळी कठीण तळ सापडला की चिकटते, पहिला चषक बांधते आणि मग एका पॉलिपचे दोन, दोनाचे चार होत वसाहत वाढते. पॉलिप मरतात, नवे होतात. वसाहतीला ठरावीक आयुष्य असे नसते. वाळूत गाडली गेली नाही, उघड्यावर पडली नाही, पाणी फार तापले नाही, तर ती शतकानुशतके वाढत राहते.

ग्रेट बॅरियर रीफवरील पाम बेटांत, गूलबूडी बेटाजवळ सापडलेल्या एका पोराइटिस वसाहतीची मापे 2021 मध्ये प्रसिद्ध झाली: रुंदी 10.4 मीटर, उंची 5.3 मीटर. उंची आणि वाढीचा वेग यांवरून तिचे वय 421 ते 438 वर्षे काढले गेले. त्या बेटांचे मूळ रहिवासी मानबारा लोक. त्यांनी तिला ‘मुगा धांबी’, म्हणजे मोठे प्रवाळ, असे नाव दिले. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी काही दशके ती अळी तिथे चिकटली. अमेरिकन सामोआतील ताऊ बेटाजवळ सहा मीटरांहून उंच पोराइटिस घुमट आहेत.

वरच्या दिशेने मात्र या वाढीला एक मर्यादा आहे. ओहोटीचे पाणी ज्या पातळीपर्यंत उतरते, तिच्यावर घुमट जाऊ शकत नाही. माथा उन्हात उघडा पडला की तिथले पॉलिप मरतात, पण पाण्याखालच्या कडा जिवंत राहून बाहेरच्या बाजूला वाढत जातात. घुमटाऐवजी मग सपाट माथ्याची, जिवंत कडेची गोल चकती तयार होते. तिला सूक्ष्म-कंकणद्वीप म्हणतात. चार्ल्स डार्विनने 1836 मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर खडकाच्या बाहेरच्या कडेला पोराइटिसचे चार ते आठ फूट रुंदीचे गोलसर खंड पाहिले आणि वरचा भाग मेलेला, बाजू मात्र वाढत्या, हेही टिपले. 1842 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवाळखडकांवरील ग्रंथात ते वर्णन आहे. या चकत्यांचा आणखी काही उपयोग असेल, हे त्या काळी कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

तो उपयोग भूकंपशास्त्राला झाला. समुद्राची पातळी चढली तर चकतीची कड वर चढते, उतरली तर पुढची वाढ खालच्या पायरीवर होते. जमीन खचली किंवा उचलली गेली तरी प्रवाळाला फरक पडतो तो तसाच. सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागराचा तळ आशियाच्या कडेखाली सरकतो. दोन मोठ्या भूकंपांमधल्या काळात मेंतावाई बेटे हळूहळू खचत राहतात आणि भूकंप झाला की एकदम वर येतात. केरी सीह, डॅनी नताविजाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पोराइटिस चकत्यांचे काप घेतले, युरेनियम-थोरियम पद्धतीने त्यांचे वय ठरवले आणि कडांच्या पायऱ्या मोजून सुमारे 700 वर्षांचा भूकंपांचा इतिहास 2008 मध्ये मांडला. 1797 आणि 1833 चे भूकंप त्यात स्पष्ट उमटले आहेत आणि असे मोठे धक्के साधारण दोन शतकांच्या अंतराने गटागटाने येतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या किनाऱ्यावर भूकंपमापक यंत्र विसाव्या शतकात आले, तिथे सात शतकांचा हिशेब एका प्रवाळाने राखला. या कामाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर उचलला गेला आणि तिथली प्रवाळपठारे कायमची उघडी पडून मेली. किनारा किती उचलला, हे ठरवतानाही त्या पठारांवरील मेलेल्या पोराइटिस चकत्यांचीच मापे घेतली गेली.

सांगाड्याच्या आतली नोंद याहूनही बारीक आहे. घुमटाचा उभा काप काढून त्याचे क्ष-किरण चित्र घेतले, तर गडद आणि फिकट पट्टे एकाआड एक दिसतात: एक घट्ट चुन्याचा, एक विरळ चुन्याचा. एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे सिद्ध होण्यामागे एक विलक्षण प्रसंग आहे. मार्शल बेटांतील एनेवेटाक या कंकणद्वीपावर अमेरिकेने 1948 ते 1958 या काळात अणुचाचण्या केल्या. किरणोत्सारी द्रव्ये पाण्यात मिसळली आणि त्या त्या वर्षी वाढणाऱ्या प्रवाळांच्या सांगाड्यात बंदिस्त झाली. नट्सन, बडेमायर आणि स्मिथ या तिघांनी तिथल्या प्रवाळांचे काप फोटोफिल्मवर ठेवले, तेव्हा किरणोत्साराचे पट्टे उमटले. चाचण्यांच्या तारखा ठाऊक होत्या, त्यामुळे घनतेचे पट्टे मोजून ताळा घेता आला. हा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. एका बेटाच्या विध्वंसातून समुद्राच्या कालगणनेची किल्ली मिळाली.

त्यानंतर पोराइटिसच्या घुमटांतून गाभे काढण्याचे काम जगभर सुरू झाले. पाणबुडे संशोधक छिद्रणयंत्राने काही सेंटिमीटर व्यासाची लांब कांडी काढतात आणि भोक सिमेंटने बुजवतात. कडेचे जिवंत आवरण कालांतराने ते झाकून टाकते. कांडीचे पातळ काप करून आधी पट्टे मोजले जातात आणि मग मिलिमीटर-मिलिमीटरने चुना खरवडून त्याचे रासायनिक पृथक्करण होते. पाणी गरम असताना बनलेल्या चुन्यात कॅल्शियमच्या मानाने स्ट्राँशियम कमी असते, थंड असताना जास्त. ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण तापमानाबरोबर पाण्याच्या खारेपणाचाही अंदाज देते, म्हणजे पर्यायाने पावसाचा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात लक्षद्वीपच्या प्रवाळांत नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र कसा थंडावतो, याची वर्षावर्षाची खूण दाखवली. ज्या देशाची शेती या वाऱ्यांवर अवलंबून आहे, त्या देशाने असे गाभे अधिक प्रमाणात अभ्यासले पाहिजेत.

किनाऱ्याजवळच्या घुमटांत जमिनीचाही इतिहास सापडतो. ऑस्ट्रेलियाच्या पीटर इस्डेलने 1984 मध्ये दाखवले, की किनारी प्रवाळांचे काप अतिनील प्रकाशाखाली धरले की त्यांत चमकणारे पट्टे दिसतात आणि ते बर्डेकिन नदीच्या पुरांशी जुळतात: पुराबरोबर आलेली कुजलेल्या वनस्पतींची द्रव्ये त्या वर्षीच्या चुन्यात अडकलेली असतात. पुढे 2003 मध्ये त्याच भागातील एका पोराइटिस गाभ्यातील बेरियमचे प्रमाण मोजले गेले. मातीबरोबर वाहत येणारे हे मूलद्रव्य 1870 नंतर झपाट्याने वाढलेले आढळले. युरोपीय वसाहतवाल्यांनी गुरे आणून कुरणे उघडी केली आणि समुद्रात जाणारा गाळ पाच ते दहा पट झाला, हे त्या चुन्यातून वाचता आले. पुरावा म्हणून याला तोड नाही, कारण तो कुणी लिहून ठेवलेला नाही आणि कुणाला बदलता येणारा नाही.

घुमटाच्या पृष्ठभागावर आणि आत पुष्कळांची वस्ती असते. त्यातले सर्वांत देखणे म्हणजे स्पायरोब्रँकस नावाचे नळीतले कृमी. त्यांचे निळे, पिवळे, तांबडे दुहेरी मळसूत्री तुरे पोराइटिसवर जितके दिसतात तितके इतर प्रवाळांवर क्वचितच. कृमीची अळी जिवंत प्रवाळावर बसते, चुन्याची नळी बांधते आणि प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातो. सावली पडताच सगळे तुरे एकदम आत जातात. सांगाडा पोखरणारे स्पंज आणि शिंपले मात्र घुमटाला आतून पोकळ करतात. पोपटमासे पृष्ठभागाचे लचके तोडतात आणि त्यांच्या चोचींचे पांढरे ओरखडे जवळपास प्रत्येक मोठ्या घुमटावर आढळतात. हे लहान घाव बहुधा भरून निघतात. चावलेला चुना माशाच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो आणि प्रवाळबेटांचे पांढरे किनारे काही अंशी त्याचेच आहेत. काटेरी मुकुट म्हणून ओळखला जाणारा तारामासा अ‍ॅक्रोपोराचा फडशा पाडतो, पण दुसरे काही शिल्लक असेपर्यंत पोराइटिसकडे सहसा वळत नाही.

रोगांपासून त्याची सुटका नाही. 2002 च्या सुमारास गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावरील पोराइटिस ल्युटियावर एक विकार नोंदवला. मेलेल्या आणि जिवंत भागांच्या सीमेवर गुलाबी रेघ दिसते आणि ती हळूहळू पुढे सरकत जाते. नील-हरित जीवाणूंच्या वाढीशी त्याचा संबंध आढळला.

माणसाने या घुमटाचा वापर फार पूर्वीपासून केला. पाण्यातून नुकताच काढलेला पोराइटिस करवतीने कापता येतो, छिन्नीने त्यावर बारीक नक्षी उठते आणि वाळल्यावर तो कठीण होतो. दगड नसलेल्या बेटांवर याहून चांगले साहित्य मिळणार नव्हते. मालदीवची राजधानी माले येथील जुनी जुम्मा मशीद, हुकुरू मिस्की, 1658 मध्ये अशाच प्रवाळाच्या घडीव चिऱ्यांतून उभी राहिली. तिच्या भिंतींवरील कोरीव लेख आणि वेलबुट्टी आजही स्पष्ट आहेत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्वा आणि इतर बंदरनगरांत भिंतींना जुना, जमिनीवरचा प्रवाळदगड वापरत आणि मेहराब व चौकटींच्या नक्षीकामासाठी समुद्रातून ताजा पोराइटिस आणत. हे मोजके, हातकामाचे बांधकाम होते. विसाव्या शतकात मालदीवमध्ये घरे, धक्के आणि हॉटेले यांसाठी घुमट फोडून काढले गेले, तेव्हा प्रमाणच बदलले. उथळ खडकांवरचे घुमट संपले आणि लाटांना अडवणारी भिंत खचली. मन्नारच्या आखातात चुना आणि सिमेंटसाठी अनेक दशके प्रवाळ खणले गेले. तिथल्या 21 बेटांपैकी दोन आता पाण्याखाली गेली आहेत आणि त्यामागे हे खाणकाम हे मोठे कारण मानले जाते.

वैद्यकशास्त्राने केलेला उपयोग याहून नेमका आहे. पोराइटिसच्या सांगाड्यातील छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांचा आकार माणसाच्या हाडातील पोकळ्यांच्या जवळ जातो. रॉय आणि लिनेहान यांनी 1974 मध्ये दाखवले, की उष्ण पाण्याच्या दाबाखाली फॉस्फेटची प्रक्रिया केली तर छिद्रांची रचना न मोडता या चुन्याचे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट होते, म्हणजे हाडातलेच खनिज. अशा तुकड्यांचा वापर पुढे हाडांचे कलम करण्यासाठी होऊ लागला. रुग्णाचे नवे हाड त्या छिद्रांतून वाढत जाते.

भारतात या प्रवाळाचे सर्वांत खडतर घर म्हणजे कच्छचे आखात. तिथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी कित्येक मीटर वर-खाली होते, पाणी गाळाने गढूळ असते, उन्हाळ्यात तापते आणि ओहोटीला खडक तासन्‌तास उघडे पडतात. फांद्यांचे नाजूक प्रवाळ तिथे टिकलेच नाहीत म्हटले तरी चालेल. पोराइटिस टिकला, कारण तो अंगावर बुळबुळीत आवरण तयार करतो, त्यात गाळ अडकतो आणि ते आवरण सोलून टाकता येते. जामनगरच्या किनाऱ्यावर 1982 मध्ये देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले; पिरोटन आणि नरारा येथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊनही हे घुमट पाहता येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठे प्रवाळखडक नाहीत, पण मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पोराइटिस प्रजातीच्या लहान वसाहती आहेत. पावसाळ्यात नद्यांचे गोडे, गढूळ पाणी येत असल्यामुळे त्या फार मोठ्या होत नाहीत. हा भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाण्याखालचे पर्यटन तिथे वाढले आहे आणि नांगर टाकताना किंवा पाय टेकताना तुटलेला वीतभर तुकडा भरून यायला वीस वर्षे लागतात, हे तिथल्या होडीवाल्यांना आणि पर्यटकांना सांगितले गेले पाहिजे. सर्व पाषाण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे; मेलेला तुकडा उचलून नेणेही गुन्हा ठरते.

आजचा सर्वांत मोठा प्रश्न उष्णतेचा आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, पॉलिप त्यांना बाहेर टाकतो आणि प्रवाळ पांढरा पडतो; यालाच विरंजन म्हणतात. पोराइटिसही पांढरा पडतो, पण मरतो तो उशिरा. त्याचे मांसल आवरण जाड आणि सांगाड्यात खोल उतरलेले असते, त्यात चरबीचा साठा असतो आणि शैवालेही सोशिक असतात. वरचा भाग मेला तरी छिद्रांत उरलेल्या पेशींतून तो पुन्हा पसरू शकतो. 1998 च्या तापमानवाढीत मालदीव आणि लक्षद्वीपमधील फांद्यांचे प्रवाळ जवळजवळ नाहीसे झाले आणि घुमट उरले. जपानमधील सेसोको बेटावर त्या वर्षी प्रवाळांचे आच्छादन 85 टक्क्यांनी घटले. टिकून राहिलेल्यांत घुमटी पोराइटिस प्रमुख होता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2008 मध्ये पोराइटिस ल्युटियाला सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवले, ते या सोशिकतेमुळे.

यावर समाधान मानण्यात धोका आहे. ग्रेट बॅरियर रीफवरील 69 खडकांवरून घेतलेल्या 328 पोराइटिस वसाहतींच्या गाभ्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 1990 नंतर त्यांची चुना साचवण्याची गती 14.2 टक्क्यांनी मंदावली होती. 2024 मध्ये मुख्यतः प्रवाळगाभ्यांवर आधारलेल्या आणखी एका अभ्यासाने दाखवले, की त्या भागातील समुद्राचे अलीकडच्या वर्षांतील उन्हाळी तापमान गेल्या चार शतकांतील सर्वाधिक आहे. म्हणजे मुगा धांबीसारख्या वसाहतीने आयुष्यात न पाहिलेले तापमान ती आता सोसते आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरचे चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात लक्षद्वीपमध्येही प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याच्या नोंदी झाल्या. 1998, 2010, 2016, 2024 या विरंजनाच्या वर्षांमधली अंतरे मोजली, तर वर्षाला एक सेंटिमीटर वाढणाऱ्या जिवाला दोन संकटांमध्ये सावरायला किती वेळ मिळतो हे कळते.

समुद्राचे पाणी आम्लतेकडे झुकते आहे, हा दुसरा प्रश्न. पापुआ न्यू गिनीमधील मिल्न उपसागरात ज्वालामुखी तळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत बाहेर पडतात आणि त्या ठिकाणचे पाणी आजच, शतकाअखेर सर्वत्र होण्याची शक्यता आहे तितके, आम्लतेकडे झुकलेले आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सामू (पीएच) 7.8 पर्यंत उतरलेल्या भागात प्रवाळांचे एकूण आच्छादन कमी झालेले नाही, पण फांद्यांचे, पानांसारखे, थरांचे प्रवाळ विरळ होऊन त्यांची जागा घुमटी पोराइटिसने घेतली आहे. त्या घुमटांमध्ये लहान मासे, खेकडे आणि कोळंब्या यांना लपायला जागा मिळत नाही, त्यामुळे खडक जिवंत दिसत असूनही त्यावरची वस्ती घटलेली आहे. सामू 7.7 च्या खाली गेलेल्या पाण्यात पोराइटिसचाही खडक उभा राहिलेला नाही.